टिल्ट बाराव्या चॅनलवर आहे, अकराव्या नाही

प्रति,
व्यवस्थापक, विक्रीपश्चात सेवा विभाग

विषय : आपल्याच मूव्हिंग हेडचं (मान फिरवणाऱ्या स्टेज लाईटचं) आपल्याच लाईट कन्सोलवर न चालणारं प्रोफाइल (तक्रार चौथी)

आपल्या सेवा केंद्राशी बोलणं होऊन अर्धा तास झाला. बावीस मिनिटांचा फोन, त्यातली पंधरा मिनिटं सनई ऐकण्यात गेली. तोंडी सांगून उपयोग नाही, म्हणून लेखी देतोय.

कन्सोल आपला, आठही बीम लाईट आपले, बिलही एकच. तरी कन्सोलच्या लायब्ररीत हे मॉडेल नाही. नवीन असेल, चालतं. आपण मेलवर प्रोफाइलची फाईल पाठवलीत, म्हणजे लाईटचं कोणतं काम कोणत्या नंबराच्या चॅनलवर आहे हे कन्सोलला सांगणारी यादी. लाईटसोबतच्या चोपड्यात 16 चॅनल मोडचा तक्ता आहे : 10 पॅन (डोकं आडवं फिरणं), 11 पॅन फाईन (तेच, पण अगदी बारीक), 12 टिल्ट (डोकं वर-खाली), 13 टिल्ट फाईन. लाईट तंतोतंत तसाच चालतो. आपल्या फाईलमध्ये मात्र 11 वर टिल्ट आणि 12 वर पॅन फाईन.

याने काय होतं ते आपल्याला सांगायला नको. पण फाईल ज्यांनी बनवली त्यांना कोणीतरी सांगा. टिल्ट शून्यापासून 255 पर्यंत नेला तरी डोकं वर-खाली होत नाही, नुसतं बाजूला दोन अंश सरकतं. दहा मीटरवर जेमतेम सव्वा फूट. आणि पॅनचं चाक जरा फिरवलं की फाईनचा आकडा भराभर 0 ते 255 पळतो, पळून शून्यावर येतो, पुन्हा पळतो. तो सगळा जातो टिल्टच्या चॅनलवर. आठही लाईट एकदम खाडखाड मान टाकायला लागले, लाईट टांगलेला ट्रस गदागदा हलला. माझा पोरगा खालून ओरडला, "अण्णा, ह्येंचं डोस्कं फिरलंय की ओ!" दारात येणारा नंदीबैलसुद्धा गुबुगुबू वाजल्यावरच मान हलवतो.

त्यात 16 वं चॅनल, लॅम्पचं. आपल्याच तक्त्यात 26 ते 100 म्हणजे लॅम्प बंद. फाईलमध्ये त्याची डीफॉल्ट किंमत 50. पॅच केलं, म्हणजे फाईल लाईटला जोडली, की दिवे विझणार, आणि गार झाल्याशिवाय पुन्हा पेटणार नाहीत. असो.

मी तक्रार केली. आपण दुसरी फाईल पाठवलीत, नावापुढे 'न्यू' जोडून. मग तिसरी, 'फायनल' जोडून. तिन्ही उघडून बघितल्या. आकार बाइटच्या हिशेबानं सारखा, टिल्ट तिन्हीत अकरावर. कष्ट झाले असतील तर ते नाव बदलण्यात.

स्वतः बनवावं म्हटलं. वीस वर्षं लाईट करतोय, सोळा ओळींचं प्रोफाइल बनवणं मला जड नाही. पण आपल्या कन्सोलचा प्रोफाइल एडिटर कोड टाकल्याशिवाय उघडत नाही, आणि कोड फक्त डीलरला मिळतो. तो मागायलाच आज फोन केला. पुढचा संवाद जसाच्या तसा देतोय, कारण आपण तो रेकॉर्ड करता असं तुमची टेप दर वेळी सांगते.

"सर, प्रोफाइलमध्ये नाव बदलायचंय की मोबाईल नंबर?"

म्हटलं, फिक्स्चरचं प्रोफाइल. लाईटचं.

"लाईट प्लगमध्ये लावलाय ना?"

म्हटलं, लावलाय, म्हणूनच तो नाचतोय. मग त्यांनी सीनियर इंजिनिअरना फोन दिला. त्यांना चॅनल, फाईन, डीफॉल्ट सगळं समजावलं. ते "हं, हं" करत राहिले आणि शेवटी म्हणाले, "सोलापूरला एवढं लागतं का? तिकडं पार लाईट लावून होतं की काम."

हे वाक्य मी दोनदा ऐकलं. ऐकू आलं नाही म्हणून त्यांना पुन्हा म्हणायला लावलं, आणि त्यांनी तेवढ्याच आरामात पुन्हा म्हटलं. साहेब, हुतात्मा स्मृती मंदिर नाट्यगृहात गॅदरिंगच्या दिवसांत येऊन बघा. संक्रांतीला गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर किती लाईट लागतात ते मोजा. पार म्हणजे एका जागी बसणारा साधा लाईट. त्याची लाज नाही आम्हाला, त्यावरच पोट भरलंय. पण लाखाचं बिल फाडताना तुमचा माणूस "सोलापूरला कशाला?" असं का विचारत नव्हता? तेव्हा चहा पाजून गेला होता.

पहिला शो कसा केला तेही सांगतो. आठही लाईट मूव्हिंग हेड म्हणून न लावता साधे डिमर (नुसता उजेड कमी-जास्त करणारे) म्हणून पॅच केले. एकेका लाईटचे 16 डिमर, म्हणजे 128. लाईटचे पहिल्या चॅनलचे पत्ते 1, 17, 33 असे 113 पर्यंत. भरतनाट्यम चालू असताना मी 128 डिमरमध्ये टिल्ट शोधत होतो. सर्कल नाही, फॅन नाही, एकही इफेक्ट नाही, कारण कन्सोलच्या लेखी त्याच्यापुढे बल्ब आहेत, डोकं नाही. हे डोक्याचं वाक्य तुमच्या सेवा विभागालाही लागू पडतं, पण ते राहू दे.

वाईट याचं वाटतं की वडिलांनी घेतलेला तुमचाच बारा चॅनलचा डिमर माझ्या गोडाऊनमध्ये आजही चालतो. गड्ड्याची धूळ खाऊन चालतो. ती कंपनी कुठं गेली?

मला तीन गोष्टी हव्यात. दुरुस्त फाईल. एडिटरचा कोड, कारण कन्सोल मी विकत घेतलाय, भाड्यानं नाही. आणि सोलापूरच्या वाक्याबद्दल लेखी उत्तर. पंधरा दिवसांत हे आलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार. 'व्यावसायिक वापर' म्हणून हात झटकू नका. कन्सोल मी स्वतः चालवतो, पोटापाण्यासाठी चालवतो, आणि असा माणूस 2019 च्या कायद्यात ग्राहकच धरतात.

फोन करू नका. सनई पुष्कळ ऐकली.

आपला ग्राहक (अजून तरी),
स्टेज लाईट कंत्राटदार, सोलापूर

ता. क. : फाईलला नाव काहीही द्या. आत टिल्ट 12 वर आहे का, तेवढं एकदा उघडून बघा.