तुर्भ्याच्या सुतारकाकांना, भुशाच्या गोणीबद्दल

काका, सप्रेम नमस्कार.

पॅकिंगच्या पेट्या करता करता तुम्ही पावसाळ्याआधी भुशाची एक गोणी आमच्यासाठी, म्हणजे पावसात तंबूबाहेर शेकोटी पेटवायला, बाजूला ठेवता आणि पैशाचं नाव काढू देत नाही. म्हणून हे जाहीर आभार. भुसा काय, कुठेही मिळतो. आभार आहेत ते तुम्ही तो निवडून ठेवता त्याचे. प्लायवूड आणि एमडीएफ (लाकडाचे तंतू गोंदाने दाबून केलेल्या फळ्या) कापताना पडलेला भुसा तुम्ही या गोणीत येऊ देत नाही. त्यात फॉर्माल्डिहाइडचा गोंद असतो, जळला की डोळे आणि घसा झोंबतो, आणि शेकोटीला सगळ्यात चिकटून पोरंच बसलेली असतात. रंग-पॉलिशचं लाकूडही तुम्ही वगळता. न्हावा शेवा बंदरातून आलेल्या पॅलेटवरचा (माल रचायच्या लाकडी चौकटीवरचा) शिक्का बघायचा हेही तुमच्याकडूनच कळलं: ‘एचटी’ म्हणजे लाकूड तापवून कीडमुक्त केलेलं, ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेलं. एमबीवालं आगीत घालायचं नाही, मग ते कितीही कोरडं असो.

तुमच्या पाइनच्या भुशात मुळातच राळ असते, त्यामुळे तो झकास पेट घेतो. त्याच्या पेटवण्या, म्हणजे शेकोटी पेटवायला खाली ठेवायच्या मेण-भुशाच्या वड्या, कशा होतात ते इथेच लिहितो, म्हणजे वाशी-ऐरोलीत आणखी कुणाला करायच्या असतील तर त्यांनाही उपयोग होईल.

काम मे महिन्यातच उरकायचं. भुसा ताटात पसरून दोन दिवस कडक उन्हात ठेवायचा. जुलैत तो हवेतलीच ओल धरून बसतो. ओल्या भुशात मेण नीट मुरत नाही आणि पेटवणी तडतडून विझते. मग ३० अंड्यांचा कागदी लगद्याचा ट्रे घ्यायचा (प्लॅस्टिकचा नाही) आणि प्रत्येक कप्पा पाऊण भरेल इतका भुसा सैल घालायचा. दाबायचा अजिबात नाही. दाबला की मेण वरच थांबतं, खालचा भुसा कोराच राहतो आणि नुसता धुमसतो. रंध्याची कुरळी साल असेल तर ती वरून थोडी भुरभुरायची, ज्योत पटकन धरते.

मेण दिवाळीच्या उरलेल्या मेणपणत्यांचं चालतं. कप्प्यामागे साधारण २० ग्रॅम, म्हणजे पूर्ण ट्रेला ६०० ग्रॅम धरा. एका टोपात पाणी, त्यात दुसरा लहान टोप, त्यात मेण. साधं मेण ५० ते ६० अंशांच्या आसपास वितळतं, तेव्हा पाण्याची आच पुरते. थेट गॅसवर ठेवायचं नाही. जास्त तापलेल्या मेणाची वाफ पेट घेते. पेटलंच तर गॅस बंद करून वर झाकण. पाणी मारलं तर भडका छताला लागेल. ट्रेखाली जुने पेपर अंथरून पळीने सावकाश ओतायचं, भुसा भिजून वर किंचित चमक दिसली की थांबायचं. मेणाचं तळं झालं तर मेणबत्तीच होते, तीही वातीशिवायची. मेण निवत आलं असेल तर ते वरच गोठतं, तेव्हा टोप पुन्हा गरम पाण्यात ठेवायचा. उरलेलं बेसिनमध्ये ओतू नका, पाइपात गोठतं आणि मग सोसायटीत कोण कोणाला काय बोलतं ते सांगायला नको.

रात्रभर गार होऊ द्यायचं आणि कप्पे हातानेच फाडून सुटे करायचे. कात्रीने कापू नका. फाडलेल्या कडेला लगद्याचे तंतू सुटतात, वात म्हणून तेच कामाला येतात. एक पेटवणी दहा मिनिटांच्या आसपास जळते, आणि पावसात सगळी गंमत त्या वेळेची आहे. कागद अर्ध्या मिनिटात संपतो. ओल्या लाकडातलं पाणी उडून जायलाच त्याहून कितीतरी जास्त वेळ लागतो. पांढरा दाट धूर येतो त्यात बरीचशी वाफच असते. रॉकेल ओतणारेही इथेच फसतात: रॉकेल वरच्यावर जळून जातं, लाकूड आतून तसंच ओलं राहतं.

पेटवताना विटा किंवा जुना तवा खाली ठेवून जमिनीची ओल तोडायची. वरून भिजलेलं लाकूड कोयत्याने चिरलं की आतला गाभा बहुधा कोरडा निघतो, काड्या त्याच्याच करायच्या. दोन पेटवण्या मध्ये, त्यांवर काडेपेटीच्या काडीएवढ्या बारीक काड्या, मग पेन्सिलीएवढ्या, मग अंगठ्याएवढ्या. हवेला वाट सोडायची. जाड ओंडका घाईने टाकला तर सगळंच बसतं. काडेपेटी घट्ट झाकणाच्या डब्यातच हवी, कारण काड्यांआधी तिची घासायची पट्टी मऊ पडते. मेण पूर्ण जळून निखारे होईपर्यंत कणसं ठेवायची नाहीत, काजळी धरते. आणि पाऊस कितीही असो, पेटती शेगडी तंबूत न्यायची नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

हे सगळं कर्जत-मुरबाडकडच्या खासगी शेतावर, मालकाला विचारून. येऊरचं जंगल राष्ट्रीय उद्यानात येतं आणि कर्नाळा अभयारण्य आहे. तिथे आग पेटवायला कायद्याने बंदी आहे.

काका, या वेळी गोणीबरोबर पाइनच्या वीतभर पट्ट्यांची कात्रणं निघाली तर तीही ठेवा. काड्या करायला त्या सरळ रेषेत चिरतात. त्यांचे मात्र पैसे घ्यावे लागतील, आणि रिकामी गोणी धुऊन-वाळवून परत मिळेल.

आपली,
पावसात पोराबाळांसकट तंबू ठोकणारी नवी मुंबईतली काही कुटुंबं