रेडिएटर बदला म्हणायच्या आधी प्रेशर टेस्ट करा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

उन्हाळा तोंडावर आलाय म्हणून हे पत्र लिहितोय, जमलं तर मे महिन्याच्या आत छापा. आपल्याकडं सोलापुरात पारा ४२-४३ ला गेला की पुणे हायवेला मोहोळ, टेंभुर्णीपर्यंत आणि तिकडं तुळजापूरच्या घाटात बोनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्या दिसायला लागतात. बिसलरीच्या बाटल्या ओतायच्या, थोडं थांबायचं, पुन्हा निघायचं. गावात आल्यावर गॅरेजवाला काय म्हणतो तर पाणी कमी होतं, भरलंय, चालवा. आठ दिवसांनी पुन्हा तेच. मग तो म्हणतो रेडिएटर गेला, बदलावा लागेल, आणि हे तो नुसतं बघून सांगतो, यालाच माझा आक्षेप आहे.

कूलंटची, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची, सिस्टीम बंद असते. त्यातलं पाणी उडून जात नाही, कमी होतंय म्हणजे कुठून तरी जातंय, आणि कुठून ते शोधायचं साधन आहे, हातपंप, त्यावर घड्याळासारखं गेज आणि वेगवेगळ्या गाड्यांच्या तोंडाला बसणारे अ‍ॅडॅप्टर. गाडी पूर्ण थंड असताना रेडिएटरची किंवा कूलंटच्या बाटलीची कॅप काढायची, त्या जागी हा पंप बसवायचा आणि कॅपवर जेवढं प्रेशर लिहिलंय तेवढीच हवा भरायची, त्याच्यावर अजिबात जायचं नाही, नाहीतर चांगला असलेला पाइप फुटतो. बऱ्याच गाड्यांच्या कॅपवर ०.९ किंवा १.१ (बार) असं लिहिलेलं असतं, म्हणजे प्रेशर मोजायच्या पीएसआय या मापात साधारण १३ ते १६. मग १०-१५ मिनिटं काटा बघत बसायचं. काटा जागेवर तर ठीक, काटा उतरला तर लीक आहे, आता टॉर्च घेऊन शोधा.

थंड गाडीवर का, तर गरम इंजिनवर बारीक गळती खाली थेंब पडायच्या आधीच वाळून जाते. आमच्या मेव्हण्यांच्या गाडीचं हेच झालं होतं. खाली फरशी कोरडी, बाटलीतलं कूलंट मात्र कमी कमी होतंय, एका गॅरेजनं रेडिएटरचं एस्टिमेट पण हातात दिलं. मी त्यांना अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीजवळ एका जुन्या मिस्त्रींकडं घेऊन गेलो, त्यांनी पंप लावला, काटा १५ वरून हळूहळू १२ ला आला. रेडिएटर कोरडा, होज पाइप कोरडे, क्लिपा घट्ट. मग त्यांनी वॉटर बॉडीच्या, म्हणजे इंजिनात पाणी फिरवणाऱ्या पंपाच्या, खाली एक छोटं भोक असतं तिथं टॉर्च मारला तर हिरवट पांढरी पापडी धरलेली आणि तिच्यावरून केसाएवढी बारीक धार उतरत होती. आतलं सील गेलं की पाणी त्याच भोकातून बाहेर येतं, ते भोक त्यासाठीच ठेवलेलं असतं. वॉटर बॉडी बदलली, पुन्हा प्रेशर दिलं, काटा हलला नाही. रेडिएटर अजून तोच आहे!

बाहेर कुठंच ओल नाही आणि काटा तरी पडतोय, तर डावीकडच्या सीटपुढचं मॅट उचलून बघायला सांगा, हीटरचा छोटा रेडिएटर डॅशबोर्डच्या आत असतो आणि तो गळला की कार्पेट चिकट ओलं होतं, गाडीत गोडसर वास येतो. तेही नसेल तर हेड गॅसकेटचा, म्हणजे सिलिंडरच्या वरच्या झाकणाखालच्या सीलचा, संशय घ्यावा लागतो. गाडी चालू केल्याबरोबर, इंजिन तापायच्या आधीच पंपाच्या गेजचा काटा झपाट्यानं वर गेला तर सिलिंडरमधला गॅस पाण्यात शिरतोय. काही लीक फक्त गरम झाल्यावरच उघडतात, तेव्हा एका टेस्टमध्ये सगळं सापडतंच असं नाही, पण निम्म्या गाडीचा खर्च करायच्या आधी एवढं तरी बघायला नको का?

आणि हो, एसी चालू असताना गाडीखाली स्वच्छ पाणी ठिबकतं ते एसीचं, त्याला घाबरू नका. कूलंटला रंग असतो आणि बोटाला बुळबुळीत लागतं. हात धुवा, ते विषारी असतं, चवीला गोड असल्यानं गल्लीतली कुत्री चाटतात, म्हणून सांडलेलं पुसून घ्या.

कॅपची टेस्ट पण त्याच पंपावर होते आणि ती कोणी करत नाही. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरवर, इथं साधं पाणी शंभरच्या जरा आधीच उकळतं. १५ पीएसआयची कॅप प्रेशर धरून ठेवते म्हणून तेच पाणी १२० च्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. कॅपचं रबर कडक झालं की प्रेशर धरत नाही, गाडी उकळते आणि दोष रेडिएटरला जातो. दोन-तीनशेची वस्तू आहे हो.

लीक बंद करायला रेडिएटरमध्ये हळद टाकायची पद्धत अजून चालू आहे, ट्रकवाले तर सर्रास टाकतात. भोक तात्पुरतं बुजतं पण तो गाळ हीटरच्या बारीक नळ्यांत पण जाऊन बसतो. वरून आपलं बोअरचं जड पाणी, त्याचा क्षार आत धरतो तो वेगळाच. टाकायचंच तर डिस्टिल्ड वॉटर आणि कंपनीनं सांगितलेलं कूलंट टाका.

गॅरेजवाल्या मित्रांना विनंती आहे, हा पंप काही फार महागाचा नाही, एक घेऊन ठेवा, टेस्टचे वेगळे पैसे लावा, आम्ही देऊ, पण काटा गिऱ्हाइकाला दाखवून मगच पार्ट सांगा. आयटीआयच्या मोटर मेकॅनिकच्या पोरांकडून पण हे एकदा हातानं करून घ्यावं. आणि गाडीवाल्यांनो, गाडी गरम असताना कॅप कधीच उघडू नका, वाफेनं तोंड भाजतं. आधी थंड होऊ द्या, अर्धा-पाऊण तास गेला तरी चालेल.

आपला,
एक वाचक, होटगी रोड, सोलापूर