जमिनीवर अंथरलेल्या दुसऱ्या पुठ्ठ्याबद्दल

आदरणीय महोदय,

तुम्हाला मराठी वाचता येत नाही, हे ठाऊक असूनही हे पत्र मी मराठीत लिहीत आहे. त्या दिवशी तुमच्या ट्रेलर-हिचच्या वर्कशॉपमधून निघताना गळा दाटून आला आणि ‘थँक यू’ या दोन शब्दांपलीकडे मला काही बोलता आले नाही. तीन आठवडे झाले, तरी राहिलेले शब्द मनातून जात नाहीत. माझी मुलगी याचा इंग्रजी अनुवाद तुम्हाला आणून देईलच. पण कोलोरॅडोत पिकअपमागे ट्रेलर जोडून डोंगराकडे निघणाऱ्या आपल्या मराठी कुटुंबांनीही हे वाचावे, अशी माझी इच्छा आहे.

ज्या मोठ्या दुकानातून आम्ही ट्रेलर घेतला, तिथे ‘तुमची गाडी ११,००० पौंड ओढते, काळजी करू नका’ एवढ्यावर आमची बोळवण झाली. गाडी मी चालवते, प्रश्नही मीच विचारत होते. उत्तरे मात्र माझ्या नवऱ्याकडे पाहून दिली जात होती. पहिल्याच सहलीत आय-७० महामार्गावर शेजारून मोठा ट्रक गेला, की ट्रेलर डावी-उजवीकडे झोले घेऊ लागे आणि स्टिअरिंग हातात हलके पडे. परत जाऊन तक्रार केली, तेव्हा ‘हळू चालवत जा’ असा सल्ला मिळाला. हिच, म्हणजे गाडी आणि ट्रेलर जोडणारा सांधा, पाहायला कोणी बाहेरसुद्धा आले नाही, आणि मी आत डोकावू लागले, तर ग्राहकांना तिथे प्रवेश नाही, असे सांगून मला थांबवण्यात आले.

तुमच्याकडे आलो, तेव्हा तुम्ही आधी काही विचारले नाही. एक पुठ्ठा खडीवर टाकून तुम्ही ट्रेलरखाली आडवे झालात आणि मिनिटभराने बाहेर आलात. मला वाटले, आता नवऱ्याशी बोलाल. तुम्ही भिंतीला टेकवलेला दुसरा पुठ्ठा उचललात, जिथे तो टाकायचा होता तिथले खडे तळहाताने बाजूला सारलेत, पुठ्ठा अंथरलात आणि मला म्हणालात, ‘गाडी तुम्ही चालवता ना? मग हे तुम्ही पाहायला हवे.’

विजेरीच्या उजेडात तुम्ही मला कप्लरवर, म्हणजे ट्रेलरच्या तोंडाशी असलेल्या खोबणीवर, उठवलेला आकडा वाचायला लावला: २ पूर्णांक ५/१६ इंच. मग जोड सोडवून बॉलच्या, म्हणजे ज्यावर कप्लर बसतो त्या पिकअपकडच्या लोखंडी गोळ्याच्या, माथ्यावरून बोट फिरवायला सांगितलेत. तिथे होता फक्त २ इंच. कप्लरचा खटका बसत होता, पिनही लागत होती, वरून सगळे ठाकठीक दिसत होते. पण आत जवळजवळ आठ मिलिमीटरची मोकळीक होती, आणि एखाद्या मोठ्या धक्क्याने तो बॉल निसटू शकला असता. माझी मुलगी आणि पंचाहत्तरीची आई त्या गाडीत बसल्या होत्या. आजही हे लिहिताना हात थरथरतो. हिच विकणाऱ्याने किमान बॉलवरचा आकडा तरी वाचावा, ही अपेक्षा फार मोठी नाही.

बाकीचे काम तुम्ही शांतपणे केलेत. कप्लरवर येणारा भार ७८० पौंड भरला, म्हणजे भरलेल्या ट्रेलरच्या सुमारे १२ टक्के. तो हवाच, कारण पुढचा भार कमी पडला तर ट्रेलर जास्त डुलतो. पण आमच्या रिसीव्हरवरच्या, म्हणजे पिकअपमागे हिच बसते त्या चौकोनी खोबणीवरच्या, चिठ्ठीत पुढच्या-मागच्या चाकांवर भार वाटून देणाऱ्या हिचशिवाय ५०० पौंडांचीच मुभा होती. ती चिठ्ठी दुकानातल्या कोणीही वाचली नव्हती; तशी हिच तुम्ही बसवलीत. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचे लेबल दाखवून तुम्ही माझ्याकडूनच बेरीज करून घेतलीत: कप्लरवरचा भार, आम्ही चौघे आणि हिचचे स्वतःचे वजन मिळून गाडीवर लादता येणाऱ्या १,५२० पौंडांपैकी जेमतेम साठ पौंड उरत होते. ‘जनरेटर घरी ठेवा,’ एवढेच तुम्ही म्हणालात. मोठा ट्रक घ्या, असे सांगणारे आम्हाला पुष्कळ भेटले होते. घरी काय ठेवावे, हे सांगणारे तुम्ही पहिलेच.

कराडजवळच्या आमच्या गावी उसाची ट्रॉली ट्रॅक्टरला जोडली, की माझे वडील पिन हाताने हलवून पाहिल्याशिवाय ट्रॅक्टर सुरू करू देत नसत, मग ट्रॉली स्वतःची असो की शेजाऱ्याची. नवा बॉल बसवून कप्लरचा खटका लावल्यावर तुम्ही जॅकने ट्रेलरचे तोंड वर उचललेत आणि त्याबरोबर पिकअपचा मागचा भागही वर आला, तेव्हा मला वडीलच दिसले. त्यांना इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता, आणि तुम्ही कधी ऊस पाहिला असेल, असे वाटत नाही. पण दुसऱ्याचा जीव आपल्या हातातल्या लोखंडावर टांगलेला आहे, ही जाणीव ज्याच्यापाशी असते, तो माणूस कुठल्याही मुलखात लगेच ओळखू येतो. अशी माणसे आहेत, म्हणून परक्या देशात मुलाबाळांना घेऊन रस्त्यावर उतरण्याचे धैर्य होते.

सुरक्षेच्या साखळ्या कप्लरखाली एकमेकींना छेद देऊन लावायला तुम्ही मला शिकवलेत. जोड सुटलाच, तर ट्रेलरचे तोंड रस्त्यावर न आपटता त्यांच्यावर पडेल, म्हणून. आता त्या मीच लावते.

गेल्या शनिवारी आयझेनहॉवर बोगद्यातून बाहेर पडून सिल्व्हरथॉर्नचा उतार उतरताना एक अठरा चाकी ट्रक आमच्या अगदी शेजारून गेला. स्टिअरिंग हातात स्थिर राहिले. पहिल्या सहलीत आईने वाटभर समोरची सीट दोन्ही हातांनी धरून ठेवली होती. या वेळी मी आरशात पाहिले, तर ती झोपलेली होती.

तुमची कृतज्ञ,
पिकअप चालवणारी