सशांचा ताप कुठवर मोजायचा?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

शिरेतून देण्याच्या औषधांची तपासणी करणाऱ्या एका प्रयोगशाळेत मी बावीस वर्षं तंत्रज्ञ होते. तीन ससे मान अडकवून पेटीत बसवायचे, गुदद्वारात तापमापक ठेवायचा, कानाच्या शिरेत औषध टोचायचं आणि पुढचे तीन तास ताप चढतो का ते नोंदवत राहायचं. ससा ओरडत नाही, म्हणून त्याला फारसा त्रास होत नाही, असं आम्हाला सांगितलं जाई. पेटीत ठेवताना त्याच्या काळजाची धडधड माझ्या तळहाताला कळायची.

ताप आणणारा अंश औषधात आहे का, हे माणसाच्या रक्तातल्या मोनोसाइट पेशीही सांगतात. तो अंश असला की त्या इंटरल्युकिन-६ सारखी प्रथिनं सोडतात. ती मोजली की झालं. त्यासाठी रक्तदात्याचं थोडं रक्त लागतं. युरोपियन फार्माकोपियात (औषधांच्या दर्जाच्या अधिकृत नियमग्रंथात) ही चाचणी २०१० पासून आहे, आणि सशांवरची चाचणी पूर्णपणे काढून टाकण्याचा निर्णय तिथे जून २०२४ मध्ये झाला.

प्रश्न फक्त भूतदयेचा नाही. प्राण्यांना निर्धोक ठरलेलं औषध माणसालाही तसंच ठरेल याची खात्री नसते. २००६ मध्ये लंडनला टीजीएन१४१२ हे औषध सहा निरोगी स्वयंसेवकांना दिलं. माकडांना जेवढं निर्धोक ठरलं होतं त्याच्या पाचशेव्या भागाएवढीच मात्रा होती, तरी सहाही जण अतिदक्षता विभागात पोचले.

आपल्याकडेही मार्च २०२३ मध्ये नव्या औषधांच्या नियमांत दुरुस्ती होऊन मानवी पेशी, ऑर्गन-ऑन-चिप (अवयवासारखं काम करणाऱ्या पेशी वाढवलेली छोटी चिप), संगणकीय प्रारूपं यांना चाचणीसाठी मान्यता मिळाली. गर्भावरचा परिणाम किंवा सगळ्या अवयवांचा एकत्र प्रतिसाद चिपवर अजून पुरता उतरत नाही, हे मला मान्य आहे. पण पर्याय सिद्ध झालेला असूनही कोणी प्राणी वापरत असेल, तर औषध नियंत्रकांनी त्याचं कारण लेखी मागावं. शस्त्रक्रियेत काढलेल्या ऊती रुग्णाच्या संमतीने संशोधनाला मिळतील, अशी सोय सरकारी रुग्णालयांत व्हावी. आणि तंत्रज्ञांना शिकवावं. ससा कसा धरायचा हे मी एका दुपारी शिकले; मानवी पेशी जिवंत ठेवायला शिकण्यात महिने जातात. छोट्या प्रयोगशाळांना तो खर्च झेपणारा नाही, तो शासनाने उचलावा, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त तंत्रज्ञ, ठाणे