शेजारी झोपणाऱ्यालाही विचारा

महोदय,

‘चालकाला डुलकी लागल्याने वाहनावरील ताबा सुटला’ हे वाक्य अपघाताच्या बातम्यांत वारंवार वाचायला मिळते आणि बातमी तिथेच संपते. रात्रभराचा प्रवास, ऊस हंगामातील जागरणे ही कारणे खरीच आहेत. परंतु रात्री सात-आठ तास अंथरुणावर पडूनही ज्याची झोप होतच नाही, अशा माणसालाही दिवसा डुलकी लागते आणि त्यामागे आजार असू शकतो, हे आमच्या घरात कळायला सहा वर्षे लागली, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

माझ्या यजमानांचे लातूरच्या मोंढ्यात अडतीचे दुकान आहे. त्यांचे घोरणे दोन खोल्यांपलीकडे ऐकू जाई आणि दिवसभर राबणाऱ्याला अशीच गाढ झोप लागते, असे सासूबाई कौतुकाने म्हणत. मला मात्र घोरण्यापेक्षा त्यात मधूनच पडणाऱ्या शांततेची भीती वाटे. छाती-पोट हलत असे, पण नाकाशी हात धरला तर श्वास लागत नसे. मी मनात आकडे मोजू लागे. वीस-पंचवीसपर्यंत पोहोचले की ते गुदमरल्यासारखा मोठा श्वास घेऊन कूस बदलत आणि पुन्हा घोरू लागत. सकाळी त्यांना यातले काहीच आठवत नसे. डोके जड, तोंडाला कोरड, रात्रीतून तीन-चार वेळा लघवीला उठणे आणि सौदा चालू असताना दुकानाच्या गादीवरच डोळा लागणे, हे सारे वयाच्या नावावर खपून गेले. लघवीच्या तक्रारीसाठी साखर तपासली, सोनोग्राफी झाली, रक्तदाबाच्या गोळ्या एकावरून तीनवर गेल्या. या काळात दवाखान्यात प्रत्येक वेळी मी त्यांच्याबरोबर होते, तरी ते झोपतात कसे, हे मला कुणी विचारले नाही. मीही आपण होऊन सांगितले नाही, कारण घोरणे ही डॉक्टरांना सांगण्याची गोष्ट आहे, हेच मला ठाऊक नव्हते.

गेल्या वर्षी बार्शी रस्त्यावर भरदुपारी त्यांची मोटार रस्ता सोडून शेतात उतरली. कुणाला इजा झाली नाही. त्यानंतर ज्या डॉक्टरांकडे गेलो, त्यांनी मात्र पहिला प्रश्न मला विचारला आणि झोपेची तपासणी करायला सांगितली. बोटाला चिमटा, छातीला पट्टा आणि नाकाशी बारीक नळी लावून घरीच एक रात्र नोंद घेतली गेली. श्वास पूर्ण थांबण्याचे किंवा अपुरा पडण्याचे प्रसंग तासाला ४१ निघाले. ५ पर्यंतचा आकडा सामान्य मानतात आणि ३० च्या वर आजार तीव्र समजला जातो. रक्तातील प्राणवायू ७४ टक्क्यांपर्यंत उतरत होता.

या आजाराला ‘ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्निया’ म्हणतात. संगीतकार बप्पी लाहिरी यांचे फेब्रुवारी २०२२ मध्ये निधन झाले, तेव्हा हे नाव वर्तमानपत्रांत आले होते. आपल्या घरातील घोरण्याशी त्याचा संबंध असेल, असे तेव्हा मनातही आले नाही. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ मागे सरकते आणि श्वासाची वाट मिटते. प्राणवायू कमी झाला की मेंदू क्षणभर जागा होऊन वाट मोकळी करतो आणि अशा प्रत्येक वेळी रक्तदाब उसळतो. गोळ्या वाढवूनही जो रक्तदाब आटोक्यात येत नाही, त्यामागे पुष्कळदा हाच आजार असतो आणि उपचार न झाल्यास हृदयविकाराचा व पक्षाघाताचा धोका वाढतो. हा केवळ लठ्ठ पुरुषांचा आजारही नाही. लहान जबडा असलेल्या सडपातळ माणसांना आणि पाळी गेलेल्या स्त्रियांनाही तो होतो. स्त्रियांची तक्रार तर घोरण्यापेक्षा थकव्याची किंवा झोपमोडीची असते, त्यामुळे ती सहसा कुणी मनावर घेत नाही. वाढलेल्या टॉन्सिलमुळे मुलांनाही होतो आणि असे मूल वर्गात पेंगते किंवा चिडचिडे होते. मी तीस वर्षे शाळेत शिकवले आणि अशा मुलांना आळशी समजले, याची मला आता खंत वाटते.

यजमानांना सीपॅप यंत्र लावले. ते मास्कमधून खोलीतलीच हवा दाबाने घशात सोडते आणि त्या दाबाने वाट उघडी राहते. १९८० च्या सुमारास सिडनीचे डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी ही युक्ती शोधली. मास्क पाहून शेजारी ‘ऑक्सिजन लावला का?’ असे विचारत आले. ते ऑक्सिजन नव्हे, हे अनेकदा सांगावे लागले. पहिले पंधरा दिवस यजमान मास्क काढून फेकत. मास्कचा आकार बदलल्यावर तो जमला. वीज जाते म्हणून यंत्र इन्व्हर्टरला जोडले आहे आणि आमच्याकडच्या धुळीमुळे त्याची गाळणी वरचेवर बघावी लागते. यंत्राने आजार मुळापासून जात नाही; चष्म्यासारखे ते रोज लावावे लागते. सौम्य आजारात वजन उतरवणे, कुशीवर झोपणे किंवा दंतवैद्याकडून खालचा जबडा पुढे धरणारी पट्टी बनवून घेणे, एवढ्यानेही काहींना आराम पडतो. दारू आणि झोपेच्या काही गोळ्या घसा आणखी सैल करतात, म्हणून झोप लागत नाही या तक्रारीवर मनानेच गोळी घेणे घातक आहे. यजमानांची दुपारची पेंग थांबली, रात्रीचे उठणे एकावर आले आणि डॉक्टरांनी रक्तदाबाची एक गोळी कमी केली.

आरोग्य केंद्रांत तिशीनंतरच्या नागरिकांची रक्तदाब व मधुमेहाची तपासणी होते. तिथे मोठ्याने घोरता का आणि झोपेत श्वास थांबल्याचे कुणी पाहिले आहे का, हे दोन प्रश्न जोडायला खर्च येत नाही. मात्र ते रुग्णाबरोबरच त्याच्या पत्नीला, आईला किंवा खोलीतील सोबत्यालाही आत बोलावून विचारावेत. एसटी, खासगी बस आणि उसाची वाहने चालवणाऱ्यांची तपासणी होते तेव्हाही हेच व्हावे, तसेच मराठवाड्याच्या आठही जिल्हा मुख्यालयांत सरकारी रुग्णालयात झोपेच्या तपासणीची सोय असावी. चालकाला डुलकी लागल्याची पुढची बातमी छापताना तिच्याखाली या दोन प्रश्नांना आपण जागा द्यावी, ही विनंती.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका, लातूर