दोन्ही अर्थांनी वाहक

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नागपूर मध्य भारताचे 'मेडिकल हब' झाले, असे कौतुकाने लिहिलेले अलीकडे वारंवार वाचतो. मिहानला एम्स आले, मेडिकल आणि मेयो ही सरकारी रुग्णालये होतीच, धंतोली-रामदासपेठेत तर डॉक्टरच्या पाटीशिवाय इमारत शोधावी लागते. मी एसटीत तीस वर्षे वाहक होतो, त्यातली निम्मी गडचिरोली मार्गावर गेली. त्यामुळे हे 'हब' मला गाडीच्या मागच्या दारातून दिसते. आरमोरी, ब्रह्मपुरी, नागभीड, भिवापूर, उमरेड अशी गाडी भरत यायची आणि दर फेरीला दोन-चार जण तरी एक्स-रेची पिशवी मांडीवर घेऊन बसलेले असायचे. तिकीट घेताना एकच प्रश्न विचारायचे, "मेडिकल कुठं उतरलं तर जवळ पडते जी?"

मी दुसऱ्या अर्थानेही वाहक आहे. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा, म्हणजे आजार मला नाही, पण माझ्याकडून मुलांत जाऊ शकतो. बायकोही आहे. आई-बाप दोघेही वाहक असले की प्रत्येक बाळंतपणात चारात एक शक्यता आजारी मूल होण्याची. आमच्या मुलीच्या वाट्याला ती आली. अडीच वर्षांची असताना तिचे हातपाय सुजले. दवाखाना घरापासून सायकलने वीस मिनिटांवर, म्हणून त्याच आठवड्यात रक्त तपासले गेले. आज ती बत्तीस वर्षांची आहे, नोकरी करते, दुखणे येते तेव्हा रजा टाकते.

माझी धाकटी बहीण आरमोरी तालुक्यात दिली. तीही वाहक, जावईही. त्यांच्या मुलीला, माझ्या भाचीला, तोच आजार. पण तो कळला ती सतरा वर्षांची झाल्यावर. तोवर "वाताचं दुखणं आहे म्हन्ते डाक्टर" एवढेच बहीण फोनवर सांगायची. घरी आजार असून माझ्याही डोक्यात आले नाही, हा दोष माझा. रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत पोरगी दिवसभर गार पाण्यात, चिखलात वाकून उभी राहायची आणि रात्री हाडे धरून रडायची. थंडी, थकवा, पाणी कमी पिणे, यानेच हे दुखणे उठते. तिला शेतात पाठवू नका, हे सांगायला सोपे. धानाचे रोवणे चार दिवस हुकले तर वर्षाचे गणित हुकते आणि मजूर लावायला पैसे नसतात. आता तिच्या खुब्याचे हाड खराब झाले आहे, लंगडत चालते. वंश एक, आजार एक. फरक फक्त साडेतीन-चार तासांच्या रस्त्याचा.

तपासणीनंतर मिळणारे सिकलसेलचे कार्ड लोक लपवतातही. आजार कळला की मुलीचे स्थळ मोडते, वाहक असली तरी मोडते. माझ्या डोळ्यांसमोर दोन मोडली आहेत. मुलाकडचे मात्र स्वतःचे रक्त तपासत नाहीत.

आता औषध फुकट आहे म्हणतात, ते खरे आहे. पण हिशेब माझ्या सवयीचा, म्हणून मांडतो. हायड्रॉक्सियुरिया ही सिकलसेलची गोळी सुरू असली की रक्त पुन्हा पुन्हा तपासावे लागते. पहाटेची गाडी धरून दहा-साडेदहाला नागपूर, मग केसपेपरची रांग. रिपोर्ट दुसऱ्या दिवशी मिळाला तर मुक्काम. बापाची दोन दिवसांची मजुरी बुडाली, जेवण, ऑटो वेगळे. भाचीला दाखल्यावर एसटी फुकट, पण सोबतच्या बापाला पूर्ण तिकीट. माझ्या गाडीत माझ्याच जावयाचे तिकीट मी मशीनमधून काढले आहे. फुकटच्या गोळीची किंमत ही.

2023 साली केंद्राने सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू केली. 40 वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि 2047 पर्यंत निर्मूलन, असे ठरले. तपासणी व्हायलाच हवी. पण कार्ड हातात आल्यावर पुढची गोळी, पुढचे रक्त कुठे मिळणार?

आदिवासी भागात 20 हजार लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, हा निकष आहे. कागदावर उदार वाटतो. 2011 च्या जनगणनेत गडचिरोलीत एका चौरस किलोमीटरला 74 माणसे होती. भागाकार करून पाहा, एका केंद्राच्या वाट्याला 270 चौरस किलोमीटर येतात. ही अख्ख्या नागपूर महापालिकेपेक्षा मोठी हद्द झाली, तीही जंगलाची आणि नाल्यांची. वाडी ते वाठोडा एकच दवाखाना ठेवला तर आपण नागपूरकर एका दिवसात मोर्चा काढू.

अनुशेष, म्हणजे विदर्भाच्या विकासातली राहिलेली तूट, हा शब्द आपण ती मोजणाऱ्या दांडेकर समितीपासून, म्हणजे चाळीस वर्षे, पुणे-मुंबईकडे बोट दाखवून उच्चारतो. बरोबरच आहे. पण गडचिरोली 1982 साली वेगळा जिल्हा झाला आणि तिथला माणूस आजही आपल्या दवाखान्यांच्या व्हरांड्यात चादर अंथरून झोपतो. त्याच्यासाठी पुणे-मुंबई आपणच आहोत.

माझे मागणे लहान आहे. सिकलसेलच्या गोळ्या आणि महिन्याची रक्ततपासणी तालुक्याच्या दवाखान्यात नियमित मिळावी. 'पुढच्या आठवड्यात या' हे उत्तर नको. रक्तपिशवी साठवायची सोयही तिथेच असावी. आणि रुग्णासोबतच्या एका माणसाला एसटीत सवलत द्यावी, महामंडळाला ते जड जाणार नाही, गाडी तशीही जातच असते.

भाचीची पुढची तारीख सोमवारची आहे. जावयाने तिकिटाचे पैसे आधीच बाजूला काढून ठेवले आहेत.

आपला,
एक निवृत्त एसटी वाहक, नागपूर