हाड का मोडले, याचीही नोंद व्हावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अस्थिरोगांच्या क्षेत्रात व्यक्तिनुरूप उपचारांची सध्या बरीच चर्चा होते; पण ती बहुधा सीटी स्कॅनवरून रुग्णाच्या हाडाची थ्रीडी प्रतिकृती काढणे किंवा गुडघ्याच्या मापानुसार खास उपकरणे बनवणे यांभोवतीच फिरते. पेल्व्हिसच्या, म्हणजे कमरेखालच्या हाडांच्या कड्याच्या, गुंतागुंतीच्या फ्रॅक्चरमध्ये अशा प्रतिकृतीचा मोठा उपयोग होतो, यात शंका नाही. परंतु इंदुरात फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करताना माझ्याकडे आलेले बहुतेक रुग्ण साठी उलटलेले, बाथरूममध्ये पाय घसरून खुबा किंवा मनगट मोडून घेतलेले असत. नुसते उभ्या-उभ्या पडून हाड मोडले, ते का, हा प्रश्न त्यांच्या उपचारात सर्वांत आधी यायला हवा होता.

रामबागेतील एका काकूंचे मनगट मोडले, प्लास्टर झाले, हाड छान जुळले. संधिवातासाठी त्या कित्येक वर्षे स्टिरॉइडच्या गोळ्या घेत होत्या आणि त्यांच्या आईचाही खुबा म्हातारपणी मोडला होता. पण यातले काहीच त्यांना कोणी विचारले नाही. पुढे त्यांचाही खुबा मोडला. त्या वेळच्या डिस्चार्ज कार्डावर खुब्यात घातलेल्या रॉडचे माप होते, टाके काढण्याची तारीख होती, कॅल्शियमची गोळी होती. हाडांच्या ठिसूळपणाबद्दल मात्र एक ओळही नव्हती.

वास्तविक हे प्रश्न विचारायला पैसे पडत नाहीत. ब्रिटनमधील शेफील्ड विद्यापीठात तयार झालेली, 2008 पासून उपलब्ध असलेली ‘फ्रॅक्स’ ही गणनपद्धती वय, वजन, उंची, आधीचे फ्रॅक्चर, आईवडिलांचा मोडलेला खुबा, धूम्रपान, मद्यपान, स्टिरॉइड, संधिवात अशा माहितीवरून पुढील 10 वर्षांतील फ्रॅक्चरचा धोका सांगते. हाडांच्या घनतेची डेक्सा तपासणी झालेली नसली, तरीही तो काढता येतो.

औषधेही माणूस पाहूनच द्यावी लागतात. ठिसूळ हाडांसाठी शिरेतून दिले जाणारे झोलेड्रोनिक आम्ल मूत्रपिंडे फार कमजोर असतील तर देता येत नाही, आणि ते देण्याआधी कॅल्शियम व ड जीवनसत्त्वाची कमतरता भरून काढावी लागते. वेदनेसाठी सर्रास लिहून दिले जाणारे ट्रामाडॉल यकृतातील एका विकराच्या (एन्झाइमच्या) मदतीने प्रभावी होते, आणि हा विकर आनुवंशिकतेनुसार कोणात मंद, तर कोणात फार वेगवान असतो. त्यामुळे त्याच मात्रेने एकाचे दुखणे थांबत नाही आणि दुसऱ्याला धोकादायक गुंगी येते. नैराश्यावरील काही गोळ्या चालू असतील तर धोका आणखी वाढतो. जनुकीय तपासणी प्रत्येकाला शक्य नाही, हे मान्य. पण घरातली गोळ्यांची पिशवी मागवून ती नीट पाहणे तर शक्य आहे! ‘आजी सहन करत नाहीत’ असा शेरा मारण्याआधी तेवढे व्हायलाच हवे.

महाराजा यशवंतराव रुग्णालयाच्या प्रशासनाला आणि शहरातील खासगी अस्थिरोगतज्ज्ञांना माझी कळकळीची विनंती आहे, की पन्नाशीपुढील प्रत्येक फ्रॅक्चर-रुग्णाच्या डिस्चार्ज कार्डावर हाड मोडण्याचे संभाव्य कारण, चालू औषधांची यादी, ठिसूळपणावरील उपचार आणि त्याच्या फेरतपासणीची तारीख यांसाठी जागा ठेवावी, आणि ती भरल्याशिवाय रुग्णाला घरी पाठवू नये.

आपली विश्वासू,
एक निवृत्त फिजिओथेरपिस्ट, इंदूर